आता जोर नका लावू

“लावा जोर! आजून एकदा… ओढा, आवं, ओढा श्वास!”

मनकर्णाबाई नवऱ्याच्या कानाशी वाकून सकाळपासून हेच म्हणत होती. मास्कमागून कडुबाचे डोळे तिच्यावर खिळले होते. ती सांगेल तसा तो छाती उचलायचा. गळ्याच्या शिरा तटतटून वर यायच्या, बरगड्यांमधली कातडी खोल आत जायची. उशाशी नर्स विशाखा पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत उभी होती.

कडुबानं उभा जन्म जोरावरच काढला होता. माणूस फर्दापूरचा. थकलेल्या, म्हाताऱ्या पाहुण्यांना डोलीत बसवून अजिंठ्याच्या पायऱ्या चढवायचा. चौघांत पुढचा खांदा त्याचा. खाली काकड्या विकत बसलेल्या मनकर्णाबाईला चढणाऱ्या डोलीतला त्याचा हुंकार नेमका ओळखू यायचा. साधा ताप म्हणता म्हणता निमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला, गावच्या डॉक्टरनं हात टेकले, आणि तिचा धाकटा दीर सांडू त्याला इथं शहरातल्या इस्पितळात घेऊन आला.

“मावशी, जरा बाहेर या,” डॉक्टर मुकुंद म्हणाले. दाराबाहेर सांडू उभाच होता. “त्यांना आता झोपवून मशीनवर घ्यावं लागेल.”

“का? श्वास घेत्यात की ते! सोताच्या जोरावर घेत्यात.”

“तोच जोर त्यांना बाधतोय. त्यांच्या फुप्फुसात पाणी भरलंय. हवा घेणारा भाग उरलाय तान्ह्या लेकराच्या फुप्फुसाएवढा, आणि त्यावर ओढ लागतेय डोली उचलणाऱ्या गड्याची. ते आतून फाटतंय.”

मनकर्णाबाईनं भिंतीला हात टेकला. “म्हंजी… सकाळपून मीच…”

“तुम्ही म्हणाला नसता तरी त्यांनी ओढलाच असता, मावशी. हवा पुरत नाही म्हटल्यावर शरीर गप्प बसत नाही.”

“वैनी, हो म्हणू नको,” सांडू मधेच म्हणाला. “सोमनाथदादा करोनात चालत गेला व्हता मशीनवर. आणला कसा, ते इसरलीस?”

ती विसरली नव्हती. थोरल्या दिराचं तोंडसुद्धा कुणाला बघू दिलं नव्हतं.

“डाक्टर, तुमाला पक्कं ठाव हाय का, ह्यानं गुण येईल?”

मुकुंदांनी सरळ सांगितलं. “नाही. यावर जगभर अभ्यास चाललाय. कुणी म्हणतं, थोडं थांबा, माणसाला त्याचा त्याचा श्वास घेऊ द्या. कुणी म्हणतं, थांबलात तर उशीर होतो. सकाळी त्यांच्या नाकातून घशाखाली बारीक नळी घातली ना, तिच्या टोकाला फुगा आहे. छातीत किती ओढ लागतेय ते तो सांगतो. ती ओढ दुपारपासून वाढतच चाललीय. माझ्या हातात तेवढंच आहे.”

“बघ! ह्यांनाच ठाव नाय!” सांडू उसळला.

पण सगळं ठाऊक असल्यासारखं बोलणारे डॉक्टर मनकर्णाबाईनं सोमनाथच्या वेळी पाहिले होते. “भावजी, मी त्यांनाच इचारते,” असं म्हणून ती आत गेली.

कडुबाचे ओठ निळसर झाले होते. झोपवून मशीनवर घेणार, असं तिनं सांगितलं तशी त्यानं जोरानं नकाराची मान हलवली. पलंगाचा गज सोडून बोट उचललं आणि स्वतःच्या छातीवर ठेवलं. आहे. अजून आहे.

“हाय, ठाव हाय मला. लई जोर हाय.” तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. “पर आता नका लावू. आजवर लोकांला वाहिलं, आता घटकाभर दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊ द्या. मी हितंच हाय.”

त्यानं बोट छातीवरून खाली घेतलं. मग त्याचे डोळे हळूच मिटले, उघडले. मनकर्णाबाईनं डॉक्टरांकडं वळून होकाराची मान हलवली.

विशाखानं झोपेची, अंग सैल करणारी सुई टोचली. आणि कडुबाची छाती थांबली. अगदी थांबली. मनकर्णाबाईला बाहेर नेलं, पण काचेतून तिला ती थांबलेली छाती दिसत होती. तिनं पदर दातांत धरला. आत हात भराभर चालले, नळी गेली, मशीन सुरू झालं. पहिला श्वास इतका लहान होता, की छाती हलली का हेही तिला कळलं नाही. मग दुसरा. तसाच लहान.

सांडू तिच्याकडं पाठ करून जिन्यात जाऊन बसला. दोन दिवस तो वहिनीशी बोलला नाही.

कडुबाला पालथं झोपवलं, उताणं केलं, पुन्हा पालथं. एकदा ताप चढला तेव्हा मुकुंदांनी नुसते हात जोडले. दुसरा आठवडा सरता सरता फुप्फुसं मोकळी होऊ लागली. नळी निघाली त्या दिवशी कडुबाला पाणी मागण्याएवढाही आवाज नव्हता. डोलीचं नाव काढू नका, हे मुकुंदांनी सुट्टी देताना हळूच, पण स्पष्ट सांगितलं. कडुबानं ते ऐकून घेतलं आणि शर्टाची गुंडी लावली.

सांडू रिक्षा आणायला पुढं गेला. दोघं फाटकातून निघाली. रस्ता सपाटच होता. थोडं चालल्यावर मनकर्णाबाईला शेजारून त्याच्या श्वासाची बारीक शीळ ऐकू आली. तिनं वळून बघितलं नाही. जागीच उभी राहिली आणि वाकून गुडघा धरला.

“आवं, थांबा की. गुडघा लई दुखायलाय.”

कडुबानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या गुडघ्यांची तक्रार त्यानं कधी ऐकली नव्हती. तो कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसला आणि शेजारची जागा हातानं झाडली. श्वासाची शीळ हळूहळू थांबली.

“बस,” मग तो म्हणाला. “टेक जरा. मला घाई नाय.”