खंडेनवमीचा लेसन

मी भांडकुदळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माणगाव डेपोत बावीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या, त्यामुळे आवाजही तसा झाला आणि स्वभावही. आता मी एका गोल्फ मैदानाच्या कचेरीत बसते आणि गाड्यांच्या जागी माणसं पुकारते. "साडेसातचे चार खेळाडू पहिल्या होलवर यावेत." आमचं मैदान माणगावहून दिवेआगरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे, नऊ होलचं. मुंबईची माणसं दीडशे किलोमीटर गाडी हाकत येतात, एक पांढरा बॉल नऊ भोकांत घालतात आणि दमलो दमलो म्हणत शहाळं पितात. पहिल्या वर्षी मला हसू आवरायचं नाही. नंतर माझी भाची सुचिता या खेळाच्या नादी लागली आणि माझं हसणं बंद झालं.

सुचिता माझ्या भावाची मुलगी. बी. पी. एड. झालेली, सव्वीस वर्षांची, पालीच्या शाळेत तासिकेवर खेळ शिकवायची. तिथल्या नोकरीचा भरवसा नाही म्हणून मी तिला इथे चिकटवून घेतलं. काम काय, तर पाहुण्यांना बॉलच्या बादल्या द्यायच्या. पाहुण्यांनी टाकून दिलेल्या काठ्यांनी ती स्वतःच शिकली, पुण्याला जाऊन कोचिंगची पहिली परीक्षा पास झाली, आणि बादली देता देता पाहुण्यांना हळूच सांगायला लागली, "साहेब, उजवा खांदा जरा सैल सोडा." साहेबांचा बॉल उडायचा आणि साहेब वळून बघेपर्यंत ही बादली घेऊन पुढे गेलेली असायची.

यंदा मालकांनी कायमचा कोच नेमायचं ठरवलं. निवड करायला पुण्याचे केतन सर येणार होते, स्वतः मुरलेले प्रोफेशनल. सुचिताने त्यांच्यासमोर एका नवशिक्याला तासभर शिकवायचं. पसंत पडलं तर जागा तिची, नाही तर पुण्याचा एक मुलगा तयारच होता आणि सुचिता परत पालीला तासिकेवर. तारीख ठरली खंडेनवमीची. कॅलेंडर माझ्याच टेबलावर होतं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. आमची घरं छप्पन साली बौद्ध झालेली. दसरा आमच्याकडे विहारात पांढऱ्या साड्या नेसून होतो, त्याच्या आदल्या दिवशी काय असतं याचा हिशोब आम्ही ठेवत नाही.

केतन सर आदल्या संध्याकाळी आले. बरोबर विपुलशेट, मुंबईचे, गोल्फच्या सामानाचे विक्रेते. त्यांनी तीन कोरे ड्रायव्हर आणले होते, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या जाड डोक्याच्या काठ्या, आणि बॉल किती वेगाने गेला ते सांगणारं एक यंत्र. सगळं सामान, केतन सरांच्या बॅगेसकट, त्यांनी मैदानाच्या हत्यारांच्या शेडमध्ये ठेवलं आणि आम्ही व्हरांड्यात चहाला बसलो.

"जयमालाबेन, याचं तोंड कार्बनचं आहे," विपुलशेट म्हणाले. "बॉल चुकीच्या जागी लागला ने, तरी सरळ जाणार."

"मग आता चुकवायचंच शिकवायचं का?"

केतन सर इतके हसले की चहा सांडला. मला माणूस आवडला. सुचिताने त्यांना घाबरत घाबरत विचारलं, "सर, तुम्ही खेळणं का सोडलं?"

"नऊ वर्षं स्पर्धा खेळलो. शुक्रवारी संध्याकाळी यादी लागते. ज्यांचा खेळ बरा झाला ते शनिवार-रविवार खेळतात, बाकीच्यांनी बॅग भरायची. त्या नऊ वर्षांत मी शनिवार फार थोडे बघितले. अशाच एका शुक्रवारी बस यायला वेळ होता, म्हणून एका म्हाताऱ्या गृहस्थांना बॉल मारायला शिकवला. बॉल उडाला आणि ते नाचायला लागले. माझ्या स्वतःच्या बॉलवर मी कधी नाचलो नव्हतो. तेव्हा कळलं, आपलं काम हे आहे."

सुचिताचे डोळे असे चमकले की मला पुढचं सगळं सोपं वाटायला लागलं. तिथेच मी चुकले.

सकाळी साडेआठला शेडकडून विपुलशेटची किंकाळी आली. मी धावले. शेडचं दार सताड उघडं, आत उदबत्त्यांचा धूर. गवत कापायची यंत्रं, कोयते, दाताळी, पाण्याचे पाइप सगळं धुऊन पुसून मांडलेलं. पुढच्या रांगेत मैदानाच्या झाडून साऱ्या काठ्या, केतन सरांच्या चौदा वेगळ्या, आणि मधोमध पाटावर विपुलशेटचे तीन कोरे ड्रायव्हर. त्यांचं प्लास्टिक काढलेलं, कार्बनच्या तोंडाला हळदकुंकू, मानेला झेंडूची माळ. यंत्रावरही कुंकवाचं बोट होतं. कॅन्टीनची सुरी होती. आणि माझा माइक होता! माझा माइक, वर झेंडूचं फूल खोचून!

बाजूला धाकूदादा हात जोडून उभे. मैदानाचे मुकादम, साठीला आलेले. गवत राखणं, पाणी देणं, हरवलेले बॉल वेचणं, काठ्या पुसणं हे सगळं पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे.

"धाकूदादा, हे काय?" मी ओरडले. माइकची मला गरज नव्हती.

"खंडेनवमी न्हाय का, जयमालाबाय. हत्यारांची पूजा."

"अरे पण हे विकायचे आहेत!" विपुलशेट रडकुंडीला आले.

"म्हून तर मधी ठेवले, शेट. चांगले विकतील."

"आता द्या ना पण. लेसन आहे, पाऊण तासात," मी म्हणाले.

धाकूदादांचा चेहरा पडला. "पूजा मांडली का हालवायची न्हाय. उद्या सकाळी नारळ फोडला का मी सोता एकेक हातात देतो. माना सांगितला असता तर मी हे बाजूला ठेवलं असतं."

सांगायला हवं होतं मी. म्हणून तर मला जास्त राग आला. मी सुचिताला दाराआड ओढलं. "आत जा आणि उचल एक काठी. आपल्याला काय त्याचं? आपण कुठे पूजा करतो?"

"म्हणूनच नको, आत्या. ते पहाटे चारपासून एकेक काठी पुसत होते. त्यांच्यातल्या कुणी उचलली असती तर गोष्ट वेगळी. मी नाही उचलायची."

"मग शिकवणार काय, कपाळ?"

"बघते," ती म्हणाली आणि बाहेर गेली. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तिला एक धपाटा घालावासाही वाटला.

केतन सरांनी सगळं ऐकलं. "रद्द करायचं तर तुझी मर्जी. पण उद्या दुपारी मी निघतो आणि पुढची तारीख नाही."

"रद्द नाही, सर. काठीशिवाय शिकवते."

जो पाहुणा शिकायला यायचा होता त्याने काठी नाही म्हटल्यावर गाडी वळवली आणि तो समुद्राला गेला. उरले विपुलशेट. सुचिताने त्यांच्याकडे बघितलं तसे ते लाल झाले. "बेन, मला नको. खरं सांगू? अकरा वर्षं ड्रायव्हर विकतो. अजून एकही बॉल वर गेला नाही. गिऱ्हाइकासमोर मी नेहमी सांगतो, पाठ दुखते."

"झकास!" सुचिता म्हणाली. "असाच विद्यार्थी हवा होता."

तिने कॅन्टीनमधून चार-पाच शहाळी आणली. विपुलशेटना मैदानाकडे डावा खांदा करून उभं केलं, दोन्ही हातांत एक शहाळं दिलं. "आता पाय रोवा. उजवीकडे वळा, पाठ डोंगराकडे येऊ दे. आता कमरेतून फिरा आणि डावीकडे सोडून द्या. हातांनी फेकू नका, अंगाने फेका."

पहिलं शहाळं सरळ वर गेलं आणि विपुलशेट जीव घेऊन पळाले. दुसरं मागे, केतन सरांच्या गाडीच्या दिशेने. सर स्वतःच आडवे आले गाडीपुढे. तिसरं झुडपात. मैदानाची माणसं, सात-आठ जण, आज सुट्टी म्हणून कुंपणाशी बसली होती, ती हसून हसून लोळायला लागली. त्यातल्या एकाने शहाळं उचलून परत टाकलं.

"असं नाही," सुचिता ओरडली. "जसं शेट टाकतात तसंच परत टाका. पाय रोवा, पाठ डोंगराकडे!"

त्याने तसं टाकलं. शहाळं सुरेख आलं. मग दुसरा उठला, मग तिसरा. कॅन्टीनच्या मनुबाई पदर खोचून आल्या. अर्ध्या तासात दोन रांगा समोरासमोर, मध्ये शहाळी उडतायत, आणि सुचिता सगळ्यांमधून धावत कुणाची टाच दाबतेय, कुणाचा खांदा सैल करतेय, "मनुबाई, मान नका वळवू! शाब्बास! शेट, श्वास घ्या!" शेवटी तिने सगळ्यांना रिकाम्या हातांनी काठी धरायला लावली. डावा हात असा, उजवा त्याच्यावर असा, पाखरू धरल्यासारखा. नऊ माणसं हवा धरून उभी, हवाच मारतायत, आणि सगळ्यांची कंबर एकदम फिरतेय. मला इतका आनंद झाला की मीही टेबल सोडून रांगेत शिरले. माझी साडी सुटायची बाकी होती.

धाकूदादा मात्र शेडच्या दारात राहिले, पूजेपाशी. पण त्यांचीही कंबर हलत होती.

तास संपल्यावर केतन सर म्हणाले, "शिकवणं मला फार आवडलं. पण मालक विचारतील, बॉल उडाला का? उद्या पूजा उतरली की विपुलला तीन बॉल देतो. एक जरी नीट उडाला तर जागा तुझी."

"सर, उद्या सकाळी आमची वंदना असते विहारात."

"तू नसलीस तरी बॉल उडायला हवा. कोचची खरी परीक्षा तीच."

मी तोंड उघडणार एवढ्यात सुचिताने माझा हात दाबला. घरी आल्यावर मी बोलून घेतलं. अकरा वर्षांत ज्याचा एक बॉल उडाला नाही त्याच्या भरवशावर पोरीचं आयुष्य टांगायचं, ही कुठली परीक्षा? सुचिता नुसती पांढऱ्या साडीला इस्त्री करत राहिली.

दसऱ्याच्या सकाळी विहार भरलं होतं. आमचे हात जोडलेले, तोंडाने पंचशील, आणि माझ्या पर्समध्ये फोन थरथरतोय. एकदा, दोनदा, पाचदा. मी डोळे मिटून घेतले. वंदना संपली तशी मी सुचिताला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि फोन लावला. पडद्यावर केतन सर आले, मागे हा गोंधळ.

"सर, उडाला का?" सुचिताने फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"विपुलने हट्टाने नवा ड्रायव्हर घेतला," सर म्हणाले. "पहिला बॉल लागलाच नाही. दुसरा जमिनीत घुसला. तिसरा शेडच्या पत्र्यावर."

सुचिताचा चेहरा पांढरा पडला. मला विपुलशेटना त्यांच्या कार्बनसकट खाडीत ढकलावंसं वाटलं.

"थांब, ऐक पुढे," सर म्हणाले. "तीन बॉल संपले. मी गाडीकडे निघालो. तेवढ्यात धाकूदादा मागून म्हणाले, साहेब, मी एक बघू का? जुनी सात नंबरची काठी घेतली त्यांनी. पाय रोवले, पाठ डोंगराकडे. सुचिता, बॉल असा गेला की खाली यायचं विसरला. मग मनुबाईंनी मारला. मग बाकीच्यांनी. सात जणांचे उडाले. मी वीस वर्षं शिकवतोय. माझ्या एका लेसनमध्ये सात जण कधी शिकले नाहीत, आणि यातल्या कुणाला तर शिकवायचंही ठरलं नव्हतं. जागा तुझी. सोमवारी ये."

मी विहाराच्या दारातच अशी ओरडले की आतले भंतेजी बाहेर आले. सुचिता ओरडली नाही. ती दोन्ही हातांनी फोन धरून म्हणाली, "येते, सर. पण पहिली बॅच यांची. पाहुण्यांच्या आधी, सकाळी सहाला, मैदानाच्या काठ्यांनी."

"मालकांना विचारावं लागेल."

"मालकांना मी सांगते!" मी फोनमध्ये तोंड घातलं. "सांगते म्हणजे सांगते, विचारत नाही."

केतन सर हसले आणि त्यांनी फोन धाकूदादांच्या हातात दिला. पडद्यावर आधी नुसता कान दिसला, मग कुंकू लावलेलं कपाळ.

"पोरी," ते म्हणाले. "पंधरा वर्सं लोकांचे बॉल येचतोय गो मी. आज माझा बॉल आनाया विपुलशेट धावत गेले."

सुचिता तिथेच पायरीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली. मीही तिच्या शेजारी बसले आणि फोनमध्ये पुकारलं, "सकाळी सहाचे खेळाडू धाकूदादा पहिल्या होलवर यावेत!"