चुन्यातलं माहेर

दोंडाईच्याजवळच्या एका गावातली पायऱ्यांची बारव दुरुस्त करायचं काम १९८७ साली माझ्या गळ्यात पडलं. मी धुळ्याच्या ऑफिसातला ओव्हरसियर, सिमेंटवर वाढलेला. आधी कुण्या शहाण्याने बारवेच्या दगडांत सिमेंटच भरलं होतं, ते दोन पावसाळ्यांत सुटून आलं. आता चुनाच हवा होता आणि चुन्याचं काम येणारा माणूस तालुका पालथा घातला तरी सापडेना. शेवटी एकच सापडला, चुडामण गवंडी, वय अडुसष्ट. साहेबांनी फर्मान काढलं, त्याच्या हाताखाली आठ जणांना शिकवा. दोन आठवड्यांनी सोमवारी नमुन्याची भिंत बघतो, तडकलेली दिसली तर शिकवणी बंद.

चुडामणआबा ऐटीत शिकवायचे. दगड कसा बसवायचा, थापी कशी धरायची. शिकणारे खूष. पण भिंतीवरचा गिलावा तिसऱ्या दिवशी तडकला. पुन्हा केला, पुन्हा तडकला. चुन्यात घालायचा गूळ तोच, बेलफळाचं पाणी तेच. आबा आधी वाळूवर खेकसले, मग माझ्यावर. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी मात्र पायरीवर मान खाली घालून बसले.

मी वरच्या पट्टीत विचारलं, "आबा, चुना येतो ना तुम्हाला?"

"लावता येस, भाऊसाहेब. कुटता नही येस. कुटाले ती बसे."

ती म्हणजे त्यांची बायको, बेबाबाई. चाळीस वर्षं चुना तिने कुटला आणि नाव झालं यांचं. गुडघे दुखतात म्हणून यांनीच तिला या कामाला येऊ दिलं नव्हतं.

"आते तिले बोलावाले माले लाज वाटस," आबा म्हणाले.

मी चिडलोच. म्हटलं, भिंत तडकली तरी चालेल, मिशी तेवढी ताठ राहू दे! दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बैलगाडीत गोधडी अंथरून तिला घेऊन आले.

बेबाबाईने दगडी उखळात चुना घेतला, मुसळ धरलं आणि ती गाऊ लागली. मी वही-पेन्सिल काढून विचारलं, "अक्का, किती वेळ कुटायचा?"

"मना माहेरना बठ्ठा लोके येतस तवपावत."

माहेरचे सगळे येईपर्यंत, म्हणजे गाण्यात. तिथे माहेरचं एकेक माणूस यायचं आणि प्रत्येकाच्या नावाने सात घाव पडायचे. आजा, बाप, काका, सहा भाऊ, वहिन्या, भाचे. बेचाळीस नावं झाली. घाई नाही की चुकारपणा नाही. आबा रागारागाने कुटायचे आणि अर्ध्यावर उठायचे, हे मला तेव्हा कळलं.

शिकणाऱ्यांतल्या कुंदाबाईने विचारलं, "अक्का, यासमा आते कितला जन शेतस?"

"दोन. बाकी बठ्ठा गयात."

"मंग त्यासनं नाव काबरं लेतस?"

"नही लिधं ते चुना कच्चा ऱ्हास."

वहीत मी 'बेचाळीस गुणिले सात' एवढंच लिहिलं. मग आठही जणांनी आपापली माणसं मोजली. भटूची कमी भरली, त्याने बिनदिक्कत म्हशी घातल्या.

सोमवारी साहेबांनी नव्या गिलाव्यावरून बोट फिरवलं, खिळ्याने टोकरून पाहिलं. रेघसुद्धा उठली नाही. "वा, चुडामण!" ते म्हणाले.

आबांनी पागोटं काढून हातात घेतलं. "मी निस्ता थापनारा, साहेब. चुना तिना शे."

साहेबांना आता तिचं कुटणं बघायचं होतं. बेबाबाई पुन्हा बसली. बेचाळीस नावं झाली, गाणं थांबलं, पण मुसळ चालूच. सात घाव नुसतेच पडले, नावाशिवाय. आम्ही इतके दिवस ते मोजलेच नव्हते.

"अक्का, ह्या सात कोना?" कुंदाबाईने विचारलं.

बेबाबाईने पदर पुढे ओढला. "ज्यानं नाव लेता येस नही, त्याना."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आबा मात्र हसले नाहीत. डोळे पुसत माझ्याकडे वळले.

"चाळीस वरीस माले वाटे, भाऊसाहेब," ते म्हणाले, "ती दमस म्हनीसन गानं बंद करस."