दारात आलेला पिठलं-भात

वाईहून गीताताईंचा फोन आला तेव्हाच इंदूबाईंना शंका यायला हवी होती. गीताताई म्हणजे काशीला आल्या की याच घरी विधी करून घेणाऱ्या जुन्या यजमान. एरवी फोन केला की पाल्हाळ लावणाऱ्या. त्या दिवशी मात्र त्यांनी दबक्या आवाजात, “वहिनी, सावरलात का जरा?” एवढंच विचारलं. इंदूबाई हसून म्हणाल्या, मला काय झालंय सावरायला, मी अगदी मजेत आहे. पलीकडे गीताताई काहीतरी पुटपुटल्या आणि फोन ठेवून दिला. इंदूबाईंनी तो सगळा प्रकार त्यांच्या वयावर ढकलला. सुखात असलेल्या माणसाला असल्या गोष्टी टोचत नाहीत आणि त्या महिन्यात इंदूबाई फार सुखात होत्या. त्यांच्या केयूरला नोकरी लागली होती.

त्या नोकरीसाठी या घरानं काय मोजलं होतं ते बालाजी घाटावर सगळ्यांना ठाऊक होतं. इंदूबाईंचे पती ढुंढिराजभटजी घाटावरचे तीर्थपुरोहित. वाई-साताऱ्याकडची माणसं काशीला आली की पिढ्यानपिढ्या यांच्याच छत्रीखाली बसायची. पण भर उन्हात त्या छत्रीखाली गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला नवरा इंदूबाईंना डोळ्यांसमोर नको व्हायचा. मुलगा इंजिनिअर होणार आणि कोणापुढे हात पसरणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. एकदा इंदूबाईंनी ठरवलं की घरात दुसऱ्या कोणाला ठरवायला जागा उरत नसे. खाजगी कॉलेजची फी भरायची म्हणून घाटावरची गादी, म्हणजे तिथे बसायचा हक्क, आणि तिच्याबरोबरचे सगळे यजमान पैशांच्या बदल्यात भटजींचा चुलतभाऊ देवव्रत याच्या हवाली झाले. गादी एकदा दिली की ती परत येत नाही, तो रिवाजच आहे. भटजींनी तेव्हा एकच विचारलं होतं, “पोरगा शिकेल गं. पण नोकरी लागेल का?” त्यावर इंदूबाई फणकारल्या होत्या की डिग्री हातात येऊ दे, मग बघा.

डिग्री आली. चौकट करून भिंतीवर लागली. मग लखनौ झालं, नोएडा झालं, परीक्षा झाल्या, मुलाखती झाल्या, आणि केयूर हळूहळू घरात चोरासारखा वावरू लागला. भटजी रोज स्नानाला घाटावर जायचे आणि आपल्याच छत्रीवरून मान खाली घालून परतायचे. बायकोला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर इंदूबाईंना भांडता तरी आलं असतं.

आणि एक दिवस रामनगरच्या एका कंपनीनं केयूरला घेतलं. कंप्युटरचं काम आहे, एवढंच तो म्हणाला. काही दिवसांनी त्यानं आईकडे अप्पांचं, म्हणजे भटजींचं, सोवळं, ताम्हन आणि पळी-पंचपात्र मागितलं. कंपनीला पूजेचा व्हिडिओ करायचा होता. इंदूबाईंनी सत्यनारायण असेल असं धरून चिंचेनं भांडी लख्ख घासून दिली. नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात नोकरी पक्की झाली आणि इंदूबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

गीताताईंच्या फोननंतरच्या सोमवारी भटजी स्नानाला गेले ते वेळेवर परतले नाहीत. गंगा वाढलेली, पायऱ्यांवर शेवाळ. इंदूबाई दोनदा दारात येऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा समोर लतिका उभी होती. लतिका त्यांची मावसबहीण, मुन्शी घाटाकडे राहणारी. तिचे डोळे रडून सुजलेले. हातात फडक्यानं झाकलेलं पातेलं होतं, आणि त्यातून पिठल्याचा वास येत होता.

पिठलं-भात शेजारपाजारचे कोणत्या घरी नेतात, हे मराठी बाईला सांगावं लागत नाही. ज्या घरात माणूस गेलं आणि चूल पेटली नाही, त्या घरी. इंदूबाई उंबऱ्यावर बसल्या.

“कुठे सापडले?” त्यांनी विचारलं.

लतिकेला काही कळेना. ती त्यांना कवटाळून रडू लागली. पहिल्या दिवशी आणायचं ते आज आणतेय, मला काल मोबाइलवर बघून कळलं, इतकी का मी परकी, असं काय काय बोलत राहिली. मग तिची नजर इंदूबाईंच्या कपाळावरच्या कुंकवावर गेली आणि ती मध्येच थांबली. तिनं मोबाइल काढून पुढे धरला.

व्हिडिओत केयूर होता. अंगावर अप्पांचं सोवळं, समोर इंदूबाईंनी घासलेलं ताम्हन. जानवं उजव्या खांद्यावर. बाप हयात असलेल्या मुलानं पितरांसाठी तसं घ्यायचं नसतं. हे मुलगा बापाशेजारी बसून शिकतो आणि त्या वयात केयूर कोचिंग क्लासला होता. ताम्हनात भाताचा पिंड ठेवून तो स्पष्ट, सुरेल आवाजात, अगदी बापाच्या चालीत म्हणत होता, “काश्यपगोत्राय ढुंढिराजप्रेताय अयं पिण्डः.” खाली लिहिलं होतं, आता दहाव्याचे विधी घरबसल्या, आपल्या भाषेत.

“केससुद्धा काढले नाहीत त्यानं,” लतिका खुळ्यासारखी म्हणाली.

तेवढ्यात गल्लीच्या वळणावरून भटजी आले. ओल्या पंच्यातच. देवव्रतनं वाटेत थांबवलं होतं, म्हणाले. वाईची माणसं त्याच्याकडे आली होती, मला बघून उठून उभी राहिली, एक बाई तर किंचाळली. हे सांगताना त्यांना हसू येत होतं. मग त्यांना पातेलं दिसलं. लतिकेनं तोंडात पदर कोंबला. मोबाइलवर व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता, आणि भटजींनी उभ्याउभ्या आपला पिंड पडताना पाहिला.

आवाज ऐकून केयूर आतून आला आणि बापाचा चेहरा बघून भिंतीला टेकला.

“सॅम्पल है, अप्पा. मॅनेजर म्हणाला कोई भी नाम बोल दो, अटको मत. जे तोंडात आलं ते...” तो आईकडे वळला. “त्यांनी डिग्री बघितलीच नाही, आई. फाइल उघडलीसुद्धा नाही. विचारलं, बाप घाटावर बसायचा ना, मराठी येते ना, मग म्हणून दाखव.”

इंदूबाईंनी तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढायला सांगितला. तो कंपनीचा आहे, केयूर म्हणाला, माझ्या हातात नाही. आणि सोडली तर दुसरी नोकरी कुठे आहे? इंदूबाईंना नवऱ्याची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त नवऱ्याच्या जिवाची भीती वाटत होती. मंत्र खोटा म्हटला तरी लागतो का, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

भटजी चिडले नाहीत. पाटावर बसले, बराच वेळ खोकले.

“पिंडाखाली दर्भ नव्हता,” ते मुलाला म्हणाले. “उद्या पहाटेपासून माझ्यासमोर बस. खरी वेळ येईल तेव्हा तरी नीट कर.”

मग त्यांनी ताट मागितलं. लतिका पातेलं परत उचलू लागली, तर त्यांनी हातानं अडवलं. अन्न दारात आलंय, ते म्हणाले, माझ्याच नावानं आलंय. इंदूबाईंनी वाढलं. त्यांनी पिठलं-भात कालवला आणि जेवू लागले. कोणाला त्यांच्याकडे बघवेना.

केयूरचा मोबाइल वाजला. तो कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात “जी सर, जी सर” करत राहिला. परत आला तेव्हा त्याची नजर वर होत नव्हती.

“काय म्हणतात?” इंदूबाईंनी विचारलं.

“लोकांना आवडलाय. आज दुसरा करायचाय.” तो थांबला. “आईचा. सोवळं पाहिजे.”

सोवळं दोरीवर वाळत होतं. त्याच्या मागे भिंतीवर डिग्रीची चौकट होती, काच सकाळीच पुसलेली. इंदूबाईंनी सोवळं ओढून काढलं, नीट घडी घातली आणि मुलाच्या हातात दिलं.

“अडखळू नकोस,” त्या म्हणाल्या. “गोत्र तेच. नाव माझं घे.”

भटजींचा घास हातातच राहिला. केयूरनं मान खाली घातली आणि सोवळं पिशवीत भरलं.