कावळ्यांची तोंडओळख

नोदिरा अक्रोड उचलायला वाकली तसा तिच्या रुमालाला पंख घासून एक कावळा सपकन गेला. मागोमाग दुसरा. फांद्यांवरचे वीसेक नुसतेच ओरडत होते. शेजारी वाकलेल्या सासूकडे एकानेही लक्ष दिलं नाही.

"तिसरा दिवस हा," हंगामापुरती जंगलात राहायला आलेली, पलीकडच्या तंबूतली ओयशा म्हणाली. "सोलिहा, सून पारखून आणलीस ना गं? कावळ्यांना काही पसंत दिसत नाही."

सोलिहा हसली नाही. तिने आपला रुमाल सुनेला बांधला, सुनेचा स्वतः घेतला. दोघी दोन झाडांखाली गेल्या. कावळे जराही फसले नाहीत. ते नोदिरामागेच गेले.

"तू केलंस तरी काय त्यांचं?"

"काहीच नाही, आई. बाबांनी मारलेला कावळा तेवढा बाहेर जाऊन उचलला आणि काठीला टांगला. तुम्हीच म्हणालात, बाकीचे घाबरून अक्रोड नेणार नाहीत."

"दरवर्षी मुरोद टांगायचा. नवीन काय त्यात?"

तंबूच्या दाराशी बसून अक्रोडाची हिरवी सालं काढणारा सासरा एर्गाश थांबला. "त्याच्याही मागे लागायचे," तो सावकाश म्हणाला. "आपण हसायचो."

"पोराचं हसण्यावारी जातं. नव्या सुनेचं तसं नसतं." सोलिहा आत जाऊन नोदिराचे कपडे गाठोड्यात भरू लागली. "उद्या घोड्यावरून हिला खाली गावात पाठवते."

नोदिरा सालांनी काळे झालेले हात बघत राहिली. तिचा नवरा मुरोद रशियात होता. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात जंगलातून परत आलेल्या सुनेला गावात कुणी कारण विचारणार नव्हतं. जो तो आपापलं ठरवणार होता.

एर्गाशने तंबूच्या फटीकडे पाहिलं. बंदुकीची नळी तिथूनच बाहेर काढली होती त्याने. त्यानंतर मेलेल्या कावळ्याजवळ गेलेलं एकच माणूस फांद्यांवरच्या कावळ्यांना दिसलं होतं. असं असेल? पण पाखरांना एवढं कळतं?

तो उठला. जेवतानाही न उतरणारी टोपी त्याने उतरवली, काठीवरचा कावळा सोडला आणि तो हातात उंच धरून, तोंड वर करून, मोकळ्या जागेत चालू लागला.

ओरडणं थांबलं. मग एकाएकी ते त्याच्यावर आले. कानामागे ओरखडा उठला. तो चालत राहिला. सगळे मात्र आले नाहीत. पाचसहा अजून नोदिराच्या डोक्यावरच फिरत होते. त्यांच्याकडे बघून तो जरा गोंधळला.

"अहो, टोपी घाला. लोक बघताहेत," गाठोडं घेऊन बाहेर आलेली सोलिहा म्हणाली.

"बघू देत."

मेलेला कावळा खाली ठेवून तो सुनेशेजारी बसला आणि पाचोळा चाचपत अक्रोड वेचू लागला. वर दोघांच्याही नावाने कालवा चालला होता.

"आता सांग," तो मान न वळवता म्हणाला, "कुणाकुणाला खाली पाठवतेस?"