सखल कोपऱ्यातले फाटक

मित्रांनो, मी चराऊ कुरणाचे एक जुने फाटक आहे. फाटकाने उभे असावे. पण आज मी चिखलात आडवे पडले आहे. माझ्या पाच फळ्यांपैकी दोन मोडल्या आहेत. पाऊस थांबत नाही आणि वेळ थोडा उरला आहे, म्हणून घाईनेच सांगते.

सुताराने मला जाड फळ्यांचे, लोखंडी बिजागऱ्यांचे घडवले. मालकांनी मला कुरणाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात बसवले, कारण तेथून गोठा चाळीस पावलांवर होता. जमिनीचा उतार कोणी पाहिलाच नाही.

उन्हाळ्यात माझी ऐट असे. पावसाळ्यात मात्र साऱ्या कुरणाचे पाणी माझ्या पायाशी जमे. तीस गाई दिवसातून चार वेळा त्याच एका जागेवरून जात. मालक दरवर्षी चिखलावर माती ओतत. माती भिजे, पुन्हा चिखल होई. मी कुरकुरून सांगत राहिले. त्यांनी माझ्या बिजागऱ्यांना तेल घातले. चिखल होता तसाच राहिला, माझा आवाज तेवढा बंद झाला.

कळपाच्या पुढे चालणारी ठिपकी माझ्यापाशी येऊन थबके. तिचे पाय खुरांपाशी सुजले होते. मागच्या गाई तिला रेटत.

मालकांची थोरली बहीण गाईंचे दूध काढते. ती एकदा भावाला म्हणाली, "अरे, हिच्या पायाकडे बघ जरा. फाटक वर उंचवट्यावर ने. पाऊस आला की गाई आपणहून तिथंच जाऊन उभ्या राहतात."

"अक्का, तुला केवढा वळसा पडेल! तुझे गुडघे दुखतात ना?"

"माझ्या गुडघ्यांचं कौतुक नको. तिला काय गुडघे नाहीत?"

"पावसाळा जाऊ दे, मग बघू."

"तुझं 'बघू' ऐकता ऐकता माझे केस पिकले!"

आज सकाळी ठिपकी माझ्यासमोर पोटापर्यंत रुतली. दोरखंड लावून ओढले, तरी हलेना. तिचे डोळे पांढरे झाले. "फाटक काढ, तिच्या पायाखाली घाल!" अक्का ओरडली. मला उचकटून चिखलात टाकले. ठिपकीने पुढचे पाय माझ्यावर रोवले. माझी एक फळी मोडली, मग दुसरी. मी मनात म्हणत होते, सगळ्या मोड, पण ऊठ बाई, ऊठ!

ती उठली. तीन पायांवर लंगडत ती उंचवट्यावर गेली.

आता सुतार आला आहे. "खांब अजून भक्कम आहेत," तो म्हणतो. "यांनाच नवं फाटक लावतो. दुपारपर्यंत काम होईल."

"वर लाव," अक्का गुडघाभर चिखलातून सांगते आहे. "आणि वाट नीट करा रे. आधी चिखल खरवडून काढा, मग दगड, वर बारीक मुरूम. खुरांना टोचता कामा नये. वाट मधे उंच ठेवा, म्हणजे पाणी दोन्ही कडांना उतरेल."

"एवढं आज कसं होणार, अक्का?" मालक म्हणतात. "आज तात्पुरतं इथंच लावू."

मित्रांनो, मलाही तात्पुरतेच लावले होते. त्याला बावीस वर्षे झाली.

मला तोंड नाही, बिजागऱ्याही उरल्या नाहीत. तुम्ही मोठे झालात आणि कुणासाठी वाट बांधलीत, तर आपल्याला जवळ काय पडते ते नंतर पाहा. आधी पाणी कुठे साचते ते पाहा, आणि जो रोज चालणार आहे त्याचे पाय पाहा.

सुताराने हातोडा उचलला आहे. ठिपकी वर उंचवट्यावर, कुंपणाच्या तारेला अंग टेकून उभी आहे. फाटक कुठे हवे ते ती अजूनही दाखवते आहे. कुणीतरी मालकांना एकदा मान वर करून तिकडे बघायला सांगा हो!