काचेवर डाग नव्हता

मी अविनाश टिपणिसांचा गॉगल बोलतोय. दिसायला साधा, तपकिरी काचांचा. पण माझ्या काचा पाण्यावरची चकाकी पुसून टाकतात आणि खालचा तळ उघडा करतात. तेवढ्यासाठीच साहेबांनी मला कनॉट प्लेसमधून घेतलं.

साहेब केंद्र सरकारच्या नोकरीत. तीन वर्षं अंदमानात होते, तिथे त्यांना एक वेड लागलं. गुडघाभर खाऱ्या पाण्यात चालत जायचं, मासा आधी नजरेने हेरायचा आणि नेमका त्याच्यासमोर गळ टाकायचा. लागला की सोडून द्यायचा. दिल्लीला बदली झाल्यावरही ते दर वर्षी आठवडाभर तिकडे जात. बाकी वर्षभर मी दिल्लीतल्या द्वारकेत, त्यांच्या गाडीत.

म्हणून मला सगळ्यांच्या आधी कळलं. हिवाळ्यापासून साहेब बाजूने येणारी स्कूटर बघायला अख्खी मान वळवू लागले. एकदा चौकात ई-रिक्षा त्यांना दिसलीच नाही. करकचून ब्रेक लावला, बोटभर अंतर राहिलं. साहेब घामाघूम झाले. मला काढून रुमालाने खसाखसा पुसलं.

"काचेवर डाग आहे," स्वतःशीच म्हणाले.

काचेवर डाग नव्हता. घरी मात्र ते कोणालाच काही बोलले नाहीत.

या मार्चमध्ये नोएडात नोकरी करणारी त्यांची मुलगी निधी हट्टाने अंदमानला सोबत आली. होडीवाल्याने दोघांना उथळ वाळूवर उतरवलं आणि तो लांब जाऊन थांबला. भरती चढत होती.

"बाबा, डावीकडे! केवढा मोठा आहे यार!"

"कुठे?"

"अहो, तिथेच! सावली हलतेय बघा."

हातभर लांबीचा चंदेरी मासा. साहेबांनी घाईने वळून पाऊल उचललं. आणि निधी किंचाळली, "हलू नका! बिल्कुल नाही! स्टिंगरे आहे!"

वाळूत वाळूच्याच रंगाचा पाकट मासा पसरला होता. शेपटीला विषारी काटा. सगळ्यात जवळचा दवाखाना होडीने दोन तासांवर.

साहेब एका पायावर उभे, पाणी मांड्यांना लागलेलं. त्यांनी हळूच विचारलं, "कुठल्या पायाशी?"

निधीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. एवढं मोठं जनावर वीतभर अंतरावर होतं.

"डावा खाली ठेवू नका," ती म्हणाली. "मागे न्या. अजून मागे. आता टेकवा."

पाकट सळकन निघून गेला. पाणी गढूळ झालं.

"कधीपासून, बाबा?"

"थोडंसंच आहे गं. फक्त कडेकडेचं दिसत नाही."

"आणि रोज गाडी चालवता? आईला बसवून?"

साहेब पाण्याकडे बघत राहिले. "डॉक्टरने एकदा लिहून दिलं की संपलं, निधी. मग इथे मला कोण येऊ देईल?"

निधीने पुढे होऊन त्यांचा दंड धरला आणि होडीपर्यंत सोडला नाही. दिल्ली विमानतळाच्या पार्किंगमध्ये तिने हात पुढे केला. साहेबांनी किल्ली मुठीत आवळली. मागच्या गाडीचा हॉर्न वाजला, दुसऱ्यांदा वाजला. तेव्हा कुठे मूठ उघडली.

आज आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात आहोत. काचबिंदू आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने राखता येते. किती उरलीय, ते आता कळेल. पडद्याआड अंधारात साहेब मशीनवर हनुवटी टेकून बसलेत. प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं.

मी पडद्याबाहेर, निधीच्या मुठीत. तिच्या घामाने माझ्या काचा धुरकटल्यात.

टक. टक. आणि मग बराच वेळ काहीच नाही.

वाचकहो, माझं सांगून झालं. आता थोडा वेळ कोणी बोलू नका. निधीने श्वास रोखलाय, मलाही ऐकायचंय.

टक.