तराफ्यावरचं भात

"मी आता सांगतो ते तुम्ही कोणी खरं मानणार नाय, आणि मानूही नका," होडी जुव्याच्या बेटावरून खाडीत लोटत बाबल्या म्हणाला. "खरं पचवायला पोट लागतं. तुमच्या पोटात त्या प्रशिक्षणातला पुलाव बसलाय."

होडीत दोघीच, चिमा आणि विमला. रत्नागिरीला निघालेल्या, त्या शेती शिकवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात. भाताच्या रोपांचा तराफा उधाणात वाहून गेला, नवी रोपं द्या आणि शिकवायला आलेल्या साहेबाला पुन्हा जुव्यावर पाठवा, एवढंच सांगायला. बाबल्याला नेमकं तेच नको होतं. साहेब परत आला की आधी तराफा बांधलेल्या खुंटाकडे बघणार. तेव्हा पैलतीर यायच्या आत ह्या दोघींना गप्प घरी वळवायचं, असं त्याने ठरवलं होतं. पायाखालचं गोणपाट त्याने टाचेने आणखी आत सारलं.

"रितेशसाहेब!" तो खाडीत थुंकला. "ज्याला होडीत चढताना दोघांनी धरावं लागतं, तो आम्हाला शिकवणार समुद्र वर चढतोय म्हणून. शाळेच्या भिंतीवर चित्रं पाडून! खारं पाणी बांध ओलांडून शेतात येतं, दाढेत लावणीसाठी वाढवलेली रोपं करपतात, हे आम्हाला त्याच्याकडून कळायचं होतं? आणि उपाय काय, तर निळी पिंपं, वर बांबू, त्यावर माती, त्यात भात पेरा. भात म्हणजे काय बदक आहे गो? आणि तुम्ही त्याने वाटलेल्या टोप्या घालून माना डोलवताय!"

"बदक म्हणा नायतर काय म्हणा," चिमा म्हणाली. "सगळ्या जुव्यावर हिरवं राहिलं होतं ते तेवढंच. वीतभर झालं होतं. आता आठवड्यात रोपं नाय मिळाली तर यंदा लावायचं काय, तुमची जीभ?"

विमला फिस्सकन हसली. बाबल्याने तिच्याकडे, नासलेल्या माशाकडे बघावं तसं बघितलं.

"मग ऐका, ते हिरवं गेलं कुठे. अमावस्येची दुपार. तुमचा साहेब तराफ्यावर उकिडवा बसून रोपांना पट्टी लावतोय. एवढ्यात पाण्यातून खेकडा वर आला. सुपाएवढा. साहेबाला त्याने नीट न्याहाळलं, ह्यात खाण्यासारखं काय नाय म्हणून सोडून दिलं, आणि वळून दोरी कातरली. कचकन! तराफा सुटला तो खाडीच्या तोंडातून थेट बाहेर. साहेब वर उभा राहून बोलतोच आहे, हवामान बदल, हवामान बदल. हेदवीपर्यंत पोचेस्तोवर भात निसवलं, लोंब्या धरल्या. पोपट आले खायला!"

"काल त्याचा फोन आलेला मला," चिमा म्हणाली.

"तराफ्यावरूनच केला असणार. भर समुद्रात रेंज मिळते. जुव्यावरच मिळत नाय."

आता दोघीही पदर तोंडाला लावून हसू लागल्या. बाबल्याला चेव चढला. वल्हं त्याने मांडीखाली दाबलं आणि दोन्ही हात मोकळे केले.

"आणि अशा माणसाला तुम्ही परत बोलावणार? ज्याला साधी गाठ मारता येत नाय? एवढा तराफा, आणि बांधलेला कशाने, तर कुजक्या सुंभाने! खेकड्याला तरी काय, एका चिमट्याचं काम. चला, होडी वळवतो. घरी जाऊन नाचणी पेरा."

चिमाचं हसू थांबलं. "सुंभाने?"

"मग! काथ्याचा सुंभ. ह्या डोळ्यांनी बघितला."

"गाठ मी मारली होती, तात्या. पिवळ्या नायलॉनची दोरी होती."

"तुला कसलं आठवतंय. टोपी डोळ्यांवर आली असेल."

पण पैलतीर आला होता. भरतीच्या ओढीने होडी धक्क्याकडे तिरकी सरकू लागली, आणि बाबल्याच्या हाताने, बाबल्याला न विचारता, जन्मभर केलं तेच केलं. गोणपाटाखालची दोरीची वेटोळी उचलून पुढे बसलेल्या चिमाकडे भिरकावली.

"धर गो, बांध!"

चिमाने ती झेलली. पिवळीधमक. धक्क्याच्या कडीत घालायला तिने टोक पुढे ओढलं. टोक उसवू नये म्हणून त्याला एक चिंधी घट्ट बांधलेली होती, तिच्याच जुन्या पोलक्याची, जांभळ्या बुट्टीची.

होडी धक्क्यावर आपटली. चिमाने दोरी बांधली नाही. ती चिंधी विमलाला दाखवत, धक्क्यावर मासळीवाल्या बायका उभ्या होत्या त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सुपाएवढा नाय गो विमल, चांगला पुरुषभर उंच आहे खेकडा. स्वतःचा कुजका सुंभ आमच्या तराफ्याला बांधला, आणि आमची दोरी होडीला!"